एका गावाचं आडनाव

१९८२ साली ‘गांधी’ हा चित्रपट आला आणि रिचर्ड ॲटनबरो हे दिग्दर्शकाचं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. कस्तुरबांच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी होत्या, त्यामुळे मराठी घरांत ते जरा जास्तच पोचलं. त्याआधी तीन वर्षं, १९७९ मध्ये, बीबीसीवर ‘लाइफ ऑन अर्थ’ ही सजीवसृष्टीच्या इतिहासाची मालिका दाखवली गेली होती. ती सादर करणारे डेव्हिड ॲटनबरो हे रिचर्ड यांचे धाकटे भाऊ. या दोघांमुळे हे आडनाव इतक्यांदा कानांवर पडतं, की ते इंग्लंडात चांगलंच प्रचारात असणार असं वाटतं. प्रत्यक्षात ते दुर्मिळ आहे. स्मिथ मंडळी तिथे लाखांनी मोजावी लागतात. ॲटनबरो शोधावे लागतात. आणि शोधायला निघालं, तर जुन्या नोंदींमध्ये ते पुन्हा पुन्हा मध्य इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमशायर या एकाच परगण्याकडे बोट दाखवतात.

याचं कारण साधं आहे. या परगण्यात, नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो नावाचं एक लहानसं गाव आहे. नावातल्या ‘बरो’चं मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘बुर्ह’ या शब्दात आहे. अर्थ तटबंदीची जागा. कुणा आड्डा किंवा एड्डी नावाच्या माणसाची गढी, असा पूर्ण नावाचा अर्थ लावला जातो. इतिहासात या गावाची ओळख म्हणजे ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई आणि सेनानी हेन्री आयर्टन १६११ साली इथे जन्मला. विसाव्या शतकात नदीकाठची वाळू-खडी उपसून झालेल्या खड्ड्यांत पाणी साठलं, पक्षी येऊ लागले, आणि तिथे निसर्ग-राखीव क्षेत्र झालं. १९६६ साली त्याचं उद्घाटन करायला डेव्हिड ॲटनबरोच आले होते.

आता एक गंमत लक्षात घ्या. गावाचं नाव आडनाव म्हणून गावात राहणाऱ्याला सहसा चिकटत नाही. ॲटनबरोत सगळेच ॲटनबरोचे. तिथे त्या नावाने कोणाला वेगळं ओळखणार? माणूस गाव सोडून दुसऱ्या गावी गेला, की तिथले लोक त्याला ‘तो ॲटनबरोचा जॉन’ म्हणू लागतात. आपल्या ‘कर’ लावून होणाऱ्या आडनावांचा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. म्हणून असं आडनाव शोधायचं ते मूळ गावात नव्हे, तर गावाभोवतीच्या, चालत जाता येईल एवढ्या टापूत.

हे केव्हा घडलं? १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्या वेळी बहुतेक इंग्रजांना एकच नाव असे. त्यानंतर बड्या जमीनदारांत वंशपरंपरागत आडनावं आली, मग शहरांत, मग खेड्यांत. दक्षिणेत आधी, उत्तरेत मागाहून. साधारण १४०० सालापर्यंत बहुसंख्य इंग्रज कुटुंबांत बापाचं आडनाव मुलाकडे जाऊ लागलं होतं. म्हणजे इंग्लंडातली बरीचशी आडनावं आजपासून सुमारे सातशे वर्षांपूर्वीची. स्पेलिंग मात्र पुढेही शतकानुशतकं पाद्र्याच्या किंवा कारकुनाच्या मर्जीवर राहिलं, त्यामुळे याच आडनावाची शेवटची अक्षरं वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेली आढळतात. ऐकायला सगळी जवळपास सारखीच.

आडनावांचा नकाशा काढण्याची कल्पना ज्याने प्रथम चिकाटीने राबवली, तो इतिहासकार नव्हता. हेन्री ब्रौम गपी हा आरमारातला डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक. समुद्रप्रवाहांबरोबर वनस्पतींच्या बिया कुठून कुठे जातात, यावर पुढे त्याने मोठं काम केलं. १८९० साली त्याने ब्रिटनमधल्या आडनावांच्या ‘माहेरां’वर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची युक्ती अशी, की सगळी लोकसंख्या घ्यायचीच नाही, फक्त शेतकरी घ्यायचे. शहरांत सगळीकडची माणसं मिसळलेली असतात. शेतकरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या जमिनीला धरून असतो, तेव्हा आडनावाचं मूळ ठिकाण त्याच्याकडूनच कळेल. परगण्यांच्या छापील सूच्यांतून त्याने शेतकऱ्यांची आडनावं मोजून काढली. बियांचा प्रसार आणि आडनावांचा प्रसार या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला सुचाव्यात, यात मला तरी योगायोग वाटत नाही.

गपीच्या थोडं आधी, १८८५ मध्ये, अर्न्स्ट रावेनस्टाइन या भूगोलतज्ज्ञाने ब्रिटनच्या १८७१ आणि १८८१ च्या जनगणनांचे आकडे तपासून स्थलांतराचे काही नियम मांडले होते. त्यांतला पहिला असा, की बहुतेक माणसं फार लांब जात नाहीत. रेल्वे आली, कारखाने आले, तरी खेड्यातला माणूस जवळच्या गावात जातो आणि तिथली रिकामी झालेली जागा आणखी लांबच्या खेड्यातला माणूस भरतो. लंडनसारखं शहर तेवढं दुरून ओढून घेतं. ॲटनबरोंचं वर्तन या नियमाला धरून आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये वस्तू गहाण ठेवून घेणाऱ्या पेढ्यांवर हे नाव दिसे. पण मोठा घोळका ट्रेंटच्या खोऱ्यातच राहिला. रिचर्ड आणि डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक यांचा जन्म १८८७ चा, स्टेपलफर्ड या गावातला. ॲटनबरो गावापासून स्टेपलफर्ड पाचेक किलोमीटरवर आहे! पाचसहाशे वर्षांत आडनाव सरकलं ते एवढंच.

नकाशा इथवर आणतो. पण सगळे ॲटनबरो एकाच घराण्याचे, की एकाच गावातून वेगवेगळ्या वेळी निघालेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या माणसांचे वंशज, हे त्यावरून कळत नाही. कागदपत्रंही फार मागे नेत नाहीत. इंग्लंडातल्या चर्चच्या जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदवह्या १५३८ पासून सुरू होतात आणि त्यांतल्या कित्येक हरवल्या आहेत. त्याआधीची दोनशे वर्षं, म्हणजे आडनाव जन्माला येण्याचा काळ, जवळजवळ अंधारात आहे.

या अंधारात उजेड पडला तो जीवशास्त्रामुळे. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाला मिळतं. इंग्लंडात आडनावही साधारण त्याच वाटेने जातं. वाय गुणसूत्रावर काही ठिकाणी डीएनएचे छोटे तुकडे पुन्हा पुन्हा आलेले असतात. किती वेळा, ती संख्या बापलेकांत बहुधा सारखीच राहते. क्वचित एखाद्या पिढीत एकाने कमी-जास्त होते. म्हणून समान पूर्वज असलेल्या दोन पुरुषांत, सातशे वर्षांनंतरही, या संख्या बहुतेक ठिकाणी जुळतात. २००० साली ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांचे नमुने तपासले, तेव्हा जवळजवळ निम्म्या साइक्स मंडळींचं वाय गुणसूत्र एकाच प्रकारचं निघालं.

यापुढचं मोठं काम लेस्टर विद्यापीठात झालं. टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांच्या १६७८ पुरुषांचे नमुने तपासून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्मिथ मंडळींत कोणतंही नातं दिसेना. रस्त्यावरचे कोणतेही दोन पुरुष आणि दोन स्मिथ यांत काही फरक नाही. स्मिथ म्हणजे लोहार. लोहार गावोगाव होते, तेव्हा हे अपेक्षितच. दुर्मिळ आडनावांचं चित्र मात्र उलट. त्यांतही ॲटनबरो ठळक उठून दिसले. स्पेलिंग कोणतंही असो, त्यांतल्या ८७ टक्के पुरुषांचं वाय गुणसूत्र जवळपास एकाच प्रकारचं होतं.

हे काम लेस्टरलाच व्हावं यात एक जुना धागा आहे. स्टेपलफर्डला जन्मलेले फ्रेडरिक ॲटनबरो आधी शाळामास्तर होते. मग शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेले, जुन्या इंग्रजीचे अभ्यासक झाले, आणि सुरुवातीच्या इंग्रज राजांच्या कायद्यांचं भाषांतर त्यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलं. १९३२ ते १९५१ ते लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४८ साली, डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांच्या नेतृत्वाखाली तिथे इंग्लंडच्या स्थानिक इतिहासाचा विभाग सुरू झाला. पुढे त्याच विभागाशी जोडून इंग्रजी आडनावांची परगणावार पाहणी सुरू झाली. कॉलेजचं १९५७ मध्ये विद्यापीठ झालं. डीएनएच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची पद्धत अलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली शोधली, तीही याच विद्यापीठात.

आता ८७ या आकड्याकडे वळू. तो वाचला की मनात पहिला विचार येतो, की सातशे वर्षांपूर्वी कुणी एकच ॲटनबरो होऊन गेला आणि त्याचा वंश अखंड चालत आला. इथे घाई नको. कारण नेमक्या याच ठिकाणी एक जुनं गणित आडवं येतं, आणि ते गाजलं तेही शिक्षकांच्याच एका मासिकातून.

‘एज्युकेशनल टाइम्स’ हे इंग्लंडातल्या शिक्षकांचं नियतकालिक वाचकांना सोडवायला गणितं देत असे. १८७३ साली त्यात फ्रान्सिस गाल्टनने एक प्रश्न घातला. गाल्टन म्हणजे चार्ल्स डार्विनचा सावत्र आतेभाऊ. मोठा कल्पक माणूस, पण माणसांची ‘पैदास सुधारण्याची’ त्याची कल्पना पुढे फार घातक ठरली. नामांकित घराणी नामशेष का होतात, ही त्याची चिंता होती. त्याने विचारलं: समजा प्रत्येक पुरुषाचं आडनाव वेगळं आहे, आणि दर पिढीत ठरावीक टक्के पुरुषांना एकही मुलगा होत नाही, ठरावीक टक्क्यांना एक, ठरावीक टक्क्यांना दोन. तर इतक्या पिढ्यांनंतर किती आडनावं संपतील? हेन्री वॉटसन या गणिती पाद्र्याने १८७४ मध्ये उत्तराची रीत दिली. अखेरीस सगळीच आडनावं बुडतील, हा त्याचा निष्कर्ष चुकला, कारण समीकरणाचं दुसरं उत्तर त्याच्या नजरेतून सुटलं; पण रीत बरोबर होती, आणि ती आजही त्या दोघांच्या नावांनी ओळखली जाते.

वर्गात हे फाशांनी करता येतं. चाळीस मुलं, चाळीस आडनावं. प्रत्येक पुरुषासाठी फासा एकदा टाकायचा. १ किंवा २ पडले तर मुलगा नाही. ३ किंवा ४ पडले तर एक. ५ किंवा ६ पडले तर दोन. सरासरी दर पुरुषामागे एक मुलगा, म्हणजे लोकसंख्या स्थिर. तरीही पहिल्याच पिढीत आडनावांचा एक तृतीयांश भाग संपतो, दुसऱ्या पिढीअखेर ४८ टक्के, पाचव्या पिढीअखेर ६८ टक्के. वीस पिढ्यांनंतर, म्हणजे पिढी ३५ वर्षांची धरली तर बरोबर सातशे वर्षांनी, ८८ टक्के आडनावं गेलेली असतात. चाळिसांपैकी उरतात सरासरी चार-पाच, आणि त्यांच्याकडे मिळून पुन्हा चाळीसच माणसं! कोणाच्या रक्तात काही विशेष नव्हतं. फासा तसा पडला. (मुलांना हे खरं वाटत नाही, म्हणून फासे खरोखरच टाकायला लावावेत.)

इतिहासातला फासा तर याहून कठोर होता. १३४८-४९ च्या प्लेगमध्ये इंग्लंडातली निदान एक तृतीयांश माणसं गेली, आणि तो नेमका आडनावं रुजण्याचाच काळ. तेव्हा ॲटनबरो गावातून बाहेर पडून हे नाव लावणारे पाच-दहा जण असू शकतील, एकमेकांचे कोणी न लागणारे. त्यांतल्या बाकीच्यांच्या पुरुषशाखा बुडाल्या, एकाची वाढली. ८७ टक्के हा आकडा सांगतो की आजचे बहुतेक ॲटनबरो एकाच पुरुषाकडे मागे जातात. तो पुरुष पहिला होता, हे तो सांगत नाही.

आणि उरलेले १३ टक्के? त्यांत एखाद्या वेगळ्या मूळ पुरुषाची अजून टिकलेली बारीक शाखा असू शकते. दत्तक मुलगा असतो, सावत्र बापाचं नाव घेतलेला असतो, अविवाहित आईचं आडनाव लावणारा असतो, आणि बाप वेगळा असण्याची कोणाला न सांगितलेली गोष्टही असते. किंग आणि जॉबलिंग यांच्या हिशेबाप्रमाणे ही शेवटची शक्यता दर पिढीला शंभरात एक ते साडेचार एवढीच निघते. पण वीस पिढ्यांत तीही साचते. राजेही याला अपवाद नाहीत. लेस्टरमध्ये २०१२ साली एका वाहनतळाखाली तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा सापडला. त्याच्या डीएनएचं काम टुरी किंग यांनीच केलं आणि ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. आईकडून येणारा डीएनए हयात नातलगांशी जुळला. वाय गुणसूत्र मात्र कागदोपत्री त्याच घराण्याच्या पुरुषांशी जुळलं नाही. साखळी मध्ये कुठेतरी तुटली होती.

याहून चकित करणारी गोष्ट २००७ साली याच गटाने प्रसिद्ध केली होती. यॉर्कशायरमधलं एक अगदी दुर्मिळ आडनाव लावणाऱ्या एका गोऱ्या इंग्रजाचं वाय गुणसूत्र जवळजवळ केवळ पश्चिम आफ्रिकेत आढळणाऱ्या प्रकारचं निघालं. त्याला याची काहीच कल्पना नव्हती. मग त्याच आडनावाच्या आणखी १८ पुरुषांना तपासलं. त्यांतल्या सात जणांत तेच गुणसूत्र होतं. त्यांच्या वंशावळी लावल्या, तर दोन झाडं तयार झाली. दोन्हींची मुळं १७८० च्या दशकातल्या यॉर्कशायरमध्ये, आणि दोन्हींना जोडणारा पूर्वज त्याहूनही मागचा. कुणी आफ्रिकी पुरुष अठराव्या शतकात किंवा त्याआधी तिथे आला, त्याचा वंश राहिला, आणि नावाने, बोलण्याने, दिसण्याने तो पुरा यॉर्कशायरचा झाला. रोमन काळात हेड्रियनच्या भिंतीवर उत्तर आफ्रिकेतल्या सैनिकांची तुकडी होती, आणि सोळाव्या शतकापासून गुलामांच्या व्यापारातून आफ्रिकी माणसं इंग्लंडात येत होती. यांतल्या कोणत्याही वाटेने तो आला असेल. शोधनिबंधात ते आडनाव दिलेलं नाही. ते लावणारी माणसं इतकी थोडी, की आडनाव छापणं म्हणजे माणसांची नावं छापण्यासारखंच झालं असतं.