१२७ घरांचा पट

वर्गात मूळ संख्या शिकवायच्या दिवशी मी हनोईचा मनोरा घेऊन जायचो. तीन खुंट्या, सात लाकडी चकत्या. एका वेळी एकच चकती उचलायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही. सगळा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायला कमीत कमी १२७ चाली लागतात, म्हणजे सात वेळा २ घेऊन गुणाकार करायचा आणि १ वजा करायचा. ही १२७ मूळ संख्या आहे.

हा खेळ एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये काढला आणि त्याला काशीच्या देवळातल्या ६४ सोन्याच्या चकत्यांची कथा जोडली. माझ्या लेखी त्याचं खरं काम त्याआधीचं, १८७६ चं. मेर्सेन या पाद्र्याने १६४४ मध्ये '२ चा घात वजा १' अशा मूळ संख्यांची यादी दिली होती. तिच्यातल्या ६७ आणि २५७ या घातांच्या संख्या पुढे चुकीच्या ठरल्या. पण २ चा १२७ वा घात वजा १ ही संख्या मूळच आहे, हे ल्युकाने दाखवलं:

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७.

हिला भाग जातो का हे एकेका मूळ संख्येने भागून पाहायचं, तर वर्गमूळच २० अंकी. ल्युकाची वाट वेगळी होती. ३ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. मग त्या बाकीचं पुन्हा तेच. १२७ साठी करून पाहा: ३, ७, ४७, ४८, १६, ०. पाच वर्गांनंतर शून्य आलं, म्हणून १२७ मूळ. भाजक न शोधता निकाल लागतो, याचं मला आजही नवल वाटतं.

मोठ्या संख्येसाठी असे १२५ वर्ग करावे लागतात. त्यासाठी ल्युकाने बाजूला १२७ घरं असलेला, बुद्धिबळासारखा पट सुचवला. संख्या ० आणि १ मध्ये मांडायची, १ असेल तिथे प्यादं. भागाकाराची कटकटच उरत नाही, कारण १२७ व्या घराच्या पलीकडे गेलेलं प्यादं पहिल्या घरापासून पुन्हा मोजायचं.

ज्ञात मूळ संख्यांत ल्युकाची ही संख्या ७५ वर्षं सर्वांत मोठी राहिली. १९५१ मध्ये फेरिये याने टेबलावरच्या गणनयंत्रावर ४४ अंकी संख्या सिद्ध केली, त्याच वर्षी संगणकही या शोधात उतरले. नुसत्या हाताने ल्युकाच्या पुढे कुणीच गेलं नाही.

निवृत्तीनंतर चौकटीच्या वहीत मीही सुरुवात केली. पहिले पाच वर्ग झरझर झाले. सहाव्याला २७ अंक आले. सातव्याला ५४; तिथे पहिल्यांदा बाकी काढावी लागली आणि एका हातच्यापायी अख्खी सकाळ गेली. दुसऱ्या दिवशी तो वर्ग जमला. अजून ११८ करायचे आहेत.