जुन्या मोटारसायकलीचा रंग

पाथरीस इतिहासाच्या अभ्यासकाला विषयांची वाण नाहीं. इमादशाही, निजामशाही, मोंगल आणि पुढें हैदराबादचें संस्थान, इतकीं राज्यें या गांवानें पाहिलीं. परंतु गतवर्षी आम्ही ज्या स्नेह्यांकडे उतरलों होतों, त्यांच्या पडवींत वाद चालला होता तो एका जावा मोटारसायकलीचा. आजोबांची गाडी नातवानें पूर्ण सोडविली होती. बैठक, हँडल, दिवा हीं सर्व आपल्या मनाजोगीं बसवून रंग मात्र त्याला 'जुना' द्यावयाचा होता. जुना म्हणजे कोणता? नातू म्हणे लष्करी हिरवा, त्याचे वडील म्हणत काळा, आणि आजीबाई माजघरांतून म्हणत, “लालच होती रे ती!”

हिरव्याचा निकाल प्रथम लागला. आरंभींच्या कित्येक मोटारसायकली काळ्या असत, याचें कारण हौस नव्हे; भट्टींत भाजलेलें काळें इनॅमल टिकाऊ व स्वस्त पडे. १९२० नंतरच्या दशकांत फवाऱ्यानें मारण्याजोगे, लवकर वाळणारे सेल्युलोजचे रंग आले आणि कारखानदारांना निवडीस वाव मिळाला. दुसऱ्या महायुद्धांत बीएसए, नॉर्टन वगैरे गाड्यांना मातकट व हिरवट रंग चढले, ते शत्रूला गाडी दिसूं नये म्हणून. दिसूं नये म्हणून लावलेला रंग आज चारचौघांत उठून दिसावा म्हणून लावतात, ही मोठी गंमत आहे! शिवाय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमानें ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणासच लावतां येत नाहीं. हें ऐकून नातवाचा चेहरा उतरला. पण त्यानें हट्ट धरला नाहीं.

आजीबाईंच्या लालाला मात्र वंशावळ होती. १९२९ सालीं चेकोस्लोव्हाकियांत यानेचेक या कारखानदारानें जर्मन वांडरर कंपनीच्या नमुन्यावरून मोटारसायकल काढली. दोन्ही नांवांचीं आद्याक्षरें जुळवून 'जावा' हें नांव झालें. गर्द तांबडा रंग ही त्या गाडीची जणूं जातखूणच ठरली. मुंबईच्या इराणी मंडळींनीं म्हैसुरास आयडियल जावाचा कारखाना काढला व १९६१ पासून तेथें गाड्या होऊं लागल्या. १९७३ पासून 'येझदी' हें नांव चाललें, आणि १९९६ मध्यें कारखाना बंद पडला. २०१८ सालीं जावा पुन्हां बाजारांत आली, तेव्हां नव्या मालकांनींहि तो तांबडा रंग सोडला नाहीं.

तरी पुस्तकी पुराव्यावर आमचें समाधान होईना. रंगाचें अस्सल दप्तर जेथें ऊन पोंचत नाहीं तेथें असतें. नातवानें हत्यारपेटीच्या झांकणाची आंतली कड पाण्याच्या कागदानें हलक्या हातानें घासली. वरचा निळा गेला, त्याखालीं काळा निघाला, आणि काळ्याखालीं खरोखरीच तांबडा! आजीबाईंना तें पाहण्याचीहि गरज वाटली नाहीं. गाडी उन्हानें विटली, तेव्हां मुलीच्या लग्नाच्या वर्षी दुकानांच्या पाट्या रंगविणाऱ्या एका पेंटरकडून आजोबांनीं ती काळी करून घेतली, असें त्यांनीं सांगितलें. नोंदणीच्या पुस्तकांतहि 'काळा' असेंच होतें.

आमचें मत विचारण्यांत आलें. सर्वांत खालचा थर तोच खरा, असें म्हणण्याची आम्हां इतिहासवाल्यांना खोड असते, व आम्ही तसें बोलूनहि गेलों. त्यावर स्नेही शांतपणें म्हणाले, “लाल गाडी म्हैसूरची. मला शाळेंत सोडायला बाबा यायचे ती काळी.” यावर आम्हांला उत्तर सुचलें नाहीं, आणि खरें पाहतां तें नव्हतेंच. पाथरींत त्या गाडीचें बहुतेक आयुष्य काळ्या रंगांत गेलें होतें.

पुढें गाडी काळीच झाली. टाकीवर सोनेरी रेघ पाटी रंगविणाऱ्याकडूनच हातानें ओढविली. घासलेला तळहाताएवढा भाग नातवानें तसाच ठेवून त्यावर पारदर्शक लॅकर मारलें. निळा, काळा, तांबडा अशीं तीन वलयें तेथें स्पष्ट दिसतात. आजीबाईंना तें मुळींच पसंत नाहीं. नव्या गाडीला ठिगळ कशाला, असें त्या आल्यागेल्याला विचारतात.