शब्दवेध : बंदूक

‘बंदूक’ या शब्दात ना दारू, ना लोखंड. आहे ते एक फळ. काळ्या समुद्राकाठच्या पोंतस प्रदेशातलं, हल्ली आपण चॉकलेटातून खातो ते हेझलनट. ग्रीकांचं ‘पोंटिकॉन’ अरबीत ‘बुंदुक’ झालं. मग तेवढ्याच आकाराच्या मातीच्या गोळीलाही बुंदुकच म्हणू लागले. बाणाऐवजी गोळी फेकणाऱ्या खास धनुष्यातून ती पाखरांवर मारायची. बगदादचा खलिफा अल-नासिर (११८० ते १२२५) या खेळाचा इतका शौकीन, की त्यानं त्याला स्वतःची शिस्तच लावून दिली! पुढे दारू आली, नळी आली, तरी नाव गोळीचंच राहिलं आणि फार्सीच्या वाटेनं आपल्याकडे पोचलं.

गंमत म्हणजे पक्ष्यांच्या शिकारीची दुनळी आजही गोळ्यांवरच मोजतात, आणि स्वतः मात्र छर्रे उडवते. नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या गोळ्या पौंडात बारा भरल्या, तर बंदूक बारा बोअरची. वीस भरल्या, तर वीसची. म्हणून आकडा वाढला की नळी अरुंद.

‘काडतूस’ पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून आलं. त्याच्या मुळाशी कागद आहे, आणि जुन्या दुनळ्यांचे शौकीन अजून कागदी काडतुसंच शोधतात. लांबी मात्र पाहावी लागते. अनेक जुन्या इंग्लिश दुनळ्या अडीच इंची काडतुसांसाठी घडवलेल्या. पावणेतीन इंची त्यांत बसतंही; पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो.