विनंती अर्ज

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा संध्याकाळी घरी आला. हातात दोन कोरे कागद आणि मोबाइल. म्हणाला, "चाचा, पतसंस्थेत सोनेतारण विभागात लिपिकाची जागा निघालीय. सीव्ही आणि सोबत पत्र पाठवायला सांगितलंय. तुम्ही कविता करता, तेवढं लिहून द्या की." मी म्हटलं, "तू सांग, मी लिहितो." तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बारावीनंतर लिहिण्यासारखं काही नाही ओ माझ्याकडं."

हा मुलगा सहा वर्षे तामिळनाडूत गलाईच्या दुकानात होता. आम्हा विटेकरांना गलाई म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. इतरांसाठी सांगतो. जुने सोने-चांदी मुशीत वितळवायचे, तेजाबाने त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध धातू गिऱ्हाइकाच्या हाती परत द्यायचा, हा तो धंदा. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसे तो करत देशाच्या कानाकोपऱ्यात गेली. त्यात शिरायला अर्ज लागत नाही. दुकानाचा मालक जत्रेला गावी येतो, एखादा बाप त्याला म्हणतो, "पोराला घेऊन जावा," आणि पोरगा जातो. हाही तसाच गेला आणि दुकान बंद झाल्यावर तसाच परत आला. सहा वर्षांचा कागद मात्र कुठेच नाही.

त्या रात्री माझ्या मनात आले, माणसाने काम मागायला कागद कधीपासून लिहायला घेतला असेल?

सुरुवात शब्दांपासून करू. 'अर्ज' मूळचा अरबी. त्याचा अर्थ मांडणे, समोर ठेवणे. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि इथलाच झाला. 'उमेदवार' फारसी, उमेद बाळगणारा तो उमेदवार. पूर्वी कचेरीत बिनपगारी राबत, कधीतरी जागा मिळेल या आशेवर दिवस काढणे याला उमेदवारी म्हणत. 'शिफारस' फारसी, 'कारकून' फारसी, 'हुद्दा' अरबी. 'पगार' पोर्तुगिजांनी दिला. आणि 'नोकर' थेट मंगोलियातून निघाला. चंगीजखानाच्या काळात सरदाराशी आपणहून निष्ठा वाहणाऱ्या सोबत्याला 'नोकोर' म्हणत. म्हणजे नोकर हा मुळात सोबती होता. शब्द आपल्यापर्यंत पोचला, पण वाटेत सोबत गळून पडली.

शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ साली 'पदनाम कोश' आला आणि सरकारी हुद्द्यांची नावे बदलली. हुद्द्यांना नवी नावे मिळाली, पण त्या हुद्द्यांसाठी करायचा अर्ज तेवढा अर्जच राहिला. लोक त्याच्याआधी 'विनंती' हा संस्कृत वळणाचा शब्द लावतात आणि 'विनंती अर्ज' म्हणतात. एकच मागणे दोन भाषांत मागितलेले बरे, असा त्यातला हिशेब असावा.

मराठ्यांच्या इतिहासात लेखणीच्या जोरावर नोकरी मिळाल्याची एक प्रसिद्ध कथा आहे. बखरीच्या परंपरेत ती सांगतात. बाळाजी आवजी यांच्या वडिलांना जंजिऱ्याच्या सिद्दीने मारले आणि कुटुंबाला विकायला धाडले. आईच्या युक्तीने मंडळी राजापूरला उतरली. तिथे बाळाजी लेखणीवर पोट भरू लागले. त्यांनी शिवाजी महाराजांना पत्र लिहिले. महाराजांनी ते अक्षर आणि तो मजकूर पाहिला आणि त्यांना आपल्याकडे घेतले. पुढे ते स्वराज्याचे चिटणीस झाले. कथेतला तपशील परंपरेचा, पण चिटणिशी इतिहासातली आहे. या पत्राला दाखला जोडलेला नव्हता. पत्र हाच दाखला होता.

त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी, १४८२ च्या सुमारास, इटलीत लिओनार्दो दा विंची याने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला असेच पत्र लिहिले. त्याचा मसुदा आजही जपलेला आहे. जगातला पहिला सीव्ही म्हणून त्याचे नाव घेतात. गंमत अशी की त्यात चित्रकला अगदी शेवटी येते. आधी हलके पूल, मग तोफा, मग झाकलेले रथ, असे एकेक कलम आहे. मिलानच्या मालकाला लढाईची काळजी होती आणि लिओनार्दोला ती ठाऊक होती. आपण काय आहोत यापेक्षा समोरच्याला काय हवे आहे, ते त्याने आधी लिहिले.

बाळाजी काय, लिओनार्दो काय, दोघांचेही पत्र माणसाने माणसाला लिहिलेले होते. इंग्रजी अमलात हे बदलले. सनदी नोकऱ्या ओळखीने न देता परीक्षेने द्याव्यात असे १८५३ च्या कायद्याने ठरले आणि १८५५ साली लंडनमध्ये पहिली परीक्षा झाली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले. आता अर्ज माणसाकडे नव्हे, जागेकडे जाऊ लागला. अक्षराची जागा प्रमाणपत्राने घेतली. सनदी परीक्षा उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर, रवींद्रनाथांचे थोरले बंधू. १८६३ साली त्यांची निवड झाली. त्यांनी नोकरी मुंबई इलाख्यात केली आणि साताऱ्याला ते जिल्हा न्यायाधीश होते. तेव्हा आमचे विटे सातारा जिल्ह्यातच होते.

पण परीक्षेला बसायलाही आधी शाळेत बसावे लागते. ज्याला शाळेचीच पायरी चढता आली नाही, त्याने अर्जात लिहायचे काय? हा प्रश्न कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ओळखला. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी हुकूम काढला, की रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. नुसता हुकूम काढून ते थांबले नाहीत. जागा भरायला शिकलेली मुले हवीत म्हणून त्यांनी वसतिगृहे उभी केली. १९०६ साली मुस्लिम मुलांसाठी संस्था निघाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. आमच्या भागातली कितीतरी मुले पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत शिकली. त्या दोघांमुळे अर्ज लिहिणाऱ्यांची संख्या वाढली, असे मी म्हणतो.

मीही त्यांतलाच एक. बी.ए. झालो तेव्हा नव्वदचे दशक सुरू होते. अर्ज करणे हाच एक उद्योग होता. टायपिंगच्या क्लासमध्ये ओळीने टाइपरायटर खडखडत असत. तीस आणि चाळीस शब्दांच्या परीक्षा. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचे आणि 'कॉल' येण्याची वाट पाहायची. गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का हवा, म्हणून त्याच्या दारात तासन्‌तास उभे राहायचे. आपले गुण खरे आहेत हे आपण सांगून चालत नसे. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने स्वतःच्या सहीने साक्षांकन करण्याची मुभा दिली, तेव्हा मला त्या सगळ्या उन्हांची आठवण झाली.

एका अर्जात मी लिहिले होते, 'मराठी भाषेवर प्रभुत्व आहे.' मुलाखतीला बोलावणे आले. समोरच्या साहेबांनी अर्जावरचे नाव वाचले, ती ओळ वाचली, पुन्हा नाव वाचले आणि विचारले, "तुमची मातृभाषा उर्दू ना? मग मराठीवर प्रभुत्व कसं?" मी काहीतरी पुटपुटलो. उत्तर सुचले ते जिना उतरताना. साहेब, तुम्ही ज्याला अर्ज म्हणता, मला ज्या नावाने उमेदवार म्हणता, ज्या हुद्द्यावर बसून विचारता, ते शब्द माझे की तुमचे, याची वाटणी कशी करणार? ती नोकरी मिळाली नाही. नावामुळे की गुणांमुळे, ते मी ठरवू शकत नाही. पण त्या दिवसानंतर एक केले. अर्जात 'प्रभुत्व' लिहिणे बंद केले आणि 'मराठीत कविता लिहितो' असे लिहू लागलो. दावा सोडला, काम सांगितले.

गल्लीतल्या मुलाला मी हेच सांगितले. आधी त्याला श्रीनिवास रामानुजन यांची गोष्ट सांगितली. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांनी मद्रास बंदराच्या कचेरीत कारकुनीसाठी अर्ज केला. एफ.ए.पर्यंत शिकलो, पुढे परिस्थितीने शिकता आले नाही, हे त्यांनी लपवले नाही. मधल्या काळात आपण सगळा वेळ गणिताला दिला, एवढे सांगितले. १ मार्चपासून नोकरी लागली, पगार तीस रुपये. सगळे रामानुजन नसतात हे खरे. पण मधली वर्षे रिकामी नव्हती, हे सांगण्याचा हक्क सगळ्यांनाच असतो.

मग मी त्याला विचारायला लागलो. सकाळी दुकान उघडल्यावर पहिले काय करायचास? तराजू साफ करायचो. मग? आलेला माल गिऱ्हाइकासमोर तोलायचा, चिठ्ठी लिहायची. सोन्यात तांबे किती, ते कळते? कसोटीवर घासून अंदाज येतो, चाचा, फार चुकत नाही. तमिळ येते? बोलायला येते, आकडे लिहायला येतात. सहा वर्षांत कधी तोलात घट आली? त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. "एकदाही नाही."

आम्ही लिहिले ते इतकेच : सहा वर्षे गलाई दुकानात काम. रोज दुसऱ्याचे सोने तोलून घेतले, शुद्ध करून तोलून दिले. सोन्याचा कस ओळखता येतो. हिशेबाच्या चिठ्ठ्या लिहिल्या. या काळात तोलात एकदाही घट आली नाही. याबद्दल प्रमाणपत्र नाही. मालकांचा फोन क्रमांक खाली दिला आहे, कृपया विचारून खात्री करावी. सोबतचे पत्र नऊ ओळींचे झाले. त्यात लिओनार्दोकडून शिकलेली एक गोष्ट केली. पतसंस्थेला काय हवे ते पहिल्या ओळीत लिहिले : तारण येणारे सोने पारखणारा आणि त्याला हात न लावणारा माणूस.

मालकाला फोन करायला तो लाजत होता. मीच लावून दिला. पलीकडून मालक म्हणाले, "कुणाचाही फोन येऊ दे, मी सांगतो." शिफारस शब्दाचा चांगला अर्थ त्या दिवशी कळला. ओळखीने जागा अडवणे वेगळे आणि केलेल्या कामाची साक्ष देणे वेगळे.

सीव्ही म्हणजे 'करिक्युलम व्हिटे'. हे शब्द लॅटिन. अर्थ, आयुष्याची वाटचाल. 'विटा' म्हणजे आयुष्य. मुलाला हे सांगितले तेव्हा तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, "म्हणजे कुठंही अर्ज केला तरी आपल्या गावाचं नाव आधीच लिहिलेलं असतंय म्हणा की."

मुलाखतीचे बोलावणे परवा आले. निकाल अजून कळायचा आहे. जाताना तो अर्जाची एक प्रत मागून घेऊन गेला. म्हणाला, आईला वाचून दाखवतो. पोरगा सहा वर्षे तिकडे काय करत होता, ते तिलाही नीट माहीत नव्हते.