एकाकी रेणूचे क्ष-किरण चित्रण : संगणकीय प्रतिरूपणाची ऐतिहासिक भूमिका

प्रस्तावना :
विज्ञानाच्या इतिहासात उपकरण आधी आणि सिद्धान्त नंतर, असा क्रम अनेकदा आढळतो. एकाकी जैविक रेणूच्या चित्रणाबाबत मात्र गणित आधी झाले व यंत्र नंतर उभे राहिले. या क्रमाने काय साधले व काय निसटले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :
१८९५ मध्ये राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. १९१२ मध्ये लाउए व त्यांच्या सहकाऱ्यांना स्फटिकातून त्यांचे विवर्तन आढळले. याच मार्गाने केंड्र्यू व पेरुट्झ यांनी प्रथिनांची रचना उलगडली आणि १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविले. तथापि या पद्धतीला स्फटिक अनिवार्य होता आणि अनेक प्रथिनांचे, विशेषतः पेशीपटलातील प्रथिनांचे, स्फटिक सहजी बनत नाहीत. एकट्या रेणूवर पुरेसे किरण सोडावेत, तर तेच किरण त्याचा नाश करतात.

२००० सालचे प्रतिरूपण :
या कोंडीवर न्यूट्झे, हायदू व सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये उत्तर सुचविले. लायसोझाइम या प्रथिनाचा रेणू त्यांनी संगणकावर तीव्र क्ष-किरण स्पंदाखाली ठेवला. किरणांमुळे इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात, उरलेले धनभारित अणू परस्परांना दूर लोटतात आणि रेणूचा स्फोट होतो. ५० फेमटोसेकंदांच्या स्पंदात रचना स्पंद चालू असतानाच विस्कटत होती. २ फेमटोसेकंदांच्या स्पंदात ती जवळजवळ अबाधित राहत होती. म्हणजेच नाश टाळण्याची गरज नव्हती. नाशापूर्वी चित्र टिपणे पुरेसे होते. असा क्ष-किरण लेसर तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

प्रत्यक्ष प्रचिती :
२००६ मध्ये हॅम्बुर्ग येथील 'फ्लॅश' लेसरवर चॅपमन व सहकाऱ्यांनी या तत्त्वाची प्रचिती दिली. नमुना नष्ट झाला, पण त्याचे चित्र मिळाले. २००९ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील क्ष-किरण लेसर कार्यान्वित झाला. २०११ मध्ये तेथे एकाकी मिमिव्हायरसचे चित्रण झाले, परंतु त्याचे विभेदन सुमारे ३२ नॅनोमीटर होते. अणू तर नॅनोमीटरच्या अंशाइतक्या अंतरावर असतात. त्याच वर्षी अधिक ठोस यश लाभले ते प्रकाशसंश्लेषणातील एका प्रथिनसंकुलाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांना. ज्या स्फटिकापासून मुक्ती हवी होती, त्याच्याच आधाराने नवे तंत्र प्रथम फळास आले.

मूल्यमापन :
२००० सालच्या गणिताचा रोख किरणांनी होणाऱ्या हानीवर होता. विखुरणाऱ्या फोटॉनांची अल्प संख्या, पार्श्वभूमीचा गोंगाट, रेणूची अज्ञात दिशा आणि त्याला बिलगलेले पाणी हे प्रश्न पुढील प्रतिरूपणांतून व प्रयोगांतून अधिकाधिक ठळक झाले. दरम्यान शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्फटिकाविना प्रथिनरचना उलगडल्या. त्याच्या विकासास २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२४ मध्ये ग्रोईएल या प्रथिनाच्या एकाकी रेणूचे क्ष-किरण विवर्तन नोंदले गेल्याचे प्रसिद्ध झाले. अणुपातळीवरील चित्र मात्र त्यातून मिळाले नाही.

निष्कर्ष :
प्रतिरूपणाने एका प्रश्नाचे नेमके उत्तर दिले आणि त्या बळावर एका संशोधनक्षेत्राला दिशा दिली, हे त्याचे श्रेय होय. मात्र एका प्रश्नाचे उत्तर म्हणजे सर्व प्रश्नांची सोडवणूक नव्हे. गणितात काय गृहीत धरले आणि काय वगळले, याची नोंद ठेवणे इतिहासकाराइतकेच वैज्ञानिकाचेही कर्तव्य ठरते.