दुष्काळाच्या पोटातून आलेला विषय



मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या. सगळ्या उठल्या, पण एक ताई तशाच बसून राहिल्या. त्यांची मुलगी बारावी सायन्स पास झालीय. बी.एस्सी.ला तिला पर्यावरणशास्त्र घ्यायचंय. घरात आजोबा म्हणतात, "झाडं लावायला पदवी कशाला लागते?" काका म्हणतात, "नर्सिंगला घाला, पोटापाण्याचं तरी होईल." ताईंना फीसाठी गटातून कर्ज हवं होतं. पण त्याआधी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, हा विषय आला कुठून? नवीनच फॅड आहे का?"

मला नीट सांगता आलं नाही. मी बी.ए. झाले, कारण घराजवळच्या कॉलेजात तेवढंच होतं. विषय कोणता घेतेस, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून मी थोडं वाचलं, जाणत्यांना विचारलं. तेच आज सांगते.

आपल्या आज्या अजून १९७२ चा दुष्काळ विसरल्या नाहीत. माझी आजी त्या साली दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. सुकडी मिळायची, परदेशातून आलेला लाल मिलो खावा लागायचा. त्याच वर्षी जून महिन्यात स्वीडन देशात स्टॉकहोमला जगातली पहिली मोठी पर्यावरण परिषद भरली. आपल्या पंतप्रधान इंदिरा गांधी तिथे बोलल्या. गरिबी हटल्याशिवाय पर्यावरण सुधारणार नाही, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. आजीला स्टॉकहोम माहीत नव्हतं, पण प्रश्न तोच होता: पाणी, माती आणि माणसाचं पोट.

आपलं राज्य यात मागे नव्हतं. नद्यांत घाण सोडण्याविरुद्ध महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला, आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ उभं राहिलं. नागपूरला १९५८ पासून पाणी आणि सांडपाण्यावर काम करणारी केंद्र सरकारची संस्था होती. १९७४ साली तिचं नाव 'नीरी' झालं, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. त्याच वर्षी सगळ्या देशासाठी पाणी प्रदूषणाचा कायदा आला. मग डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि झोपेतच हजारो माणसं गेली. त्यानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला.

आता बघा, कायदा झाला की पाणी तपासायला, हवा मोजायला, अहवाल लिहायला शिकलेलं माणूस लागतं. या विषयाची गरज अशी वाढत गेली.

१९९१ साली वकील एम. सी. मेहता यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शाळा-कॉलेजात पर्यावरण सक्तीने शिकवा. बरीच वर्षं ते कागदावरच राहिलं. २००३ साली न्यायालयाने पुन्हा बजावलं. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रत्येक पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केला. त्याचं पुस्तक आपल्या पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिलं. तो पेपर मीही दिलाय. खरं सांगते, परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड वाचून दिला.

इथेच घरच्यांचा घोळ होतो. तो एक पेपर म्हणजे पर्यावरण अभ्यास. तो सगळ्यांनाच असतो. बी.एस्सी.ला पर्यावरणशास्त्र मुख्य विषय घेणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यात रसायनशास्त्र आहे, वनस्पती आहेत, माती-खडक आहेत, प्रयोगशाळा आहे.

झाडं लावायला पदवी लागत नाही, हे आजोबांचं खरं आहे. पण पाणी कुठे अडवायचं, हे कळायला अभ्यास लागतो. आपल्याखाली काळा बेसॉल्ट खडक आहे. तो स्पंजासारखं पाणी धरत नाही. फटीत, मुरमात मुरेल तेवढंच. आपल्याच जालना तालुक्यातलं कडवंची गाव बघा. तिथे १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने काम झालं. आधी माथ्यावर सलग समतल चर, मग बांधबंदिस्ती, मग खाली नाल्यावर बांध. माथा ते पायथा, या क्रमाने. पुढे शेततळी झाली आणि कोरडवाहू गावात द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या. १९७२ ला आपल्या बायकांनी घाम कमी गाळला नव्हता. पण कडवंचीत घामाला अभ्यासाची जोड मिळाली.

उलट २०१२-१३ आठवा. जालना शहर टँकरवर होतं, मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी स्वतःच्या हाताने झाडं तोडली. शहराला लागून लोखंडाचे कारखाने आहेत. तिथला धूर आणि सांडपाणी मोजायला आपलीच लेक का नसावी?

आता व्यवहाराचं. काकांची काळजी चुकीची नाही. नुसत्या बी.एस्सी.वर लगेच मोठी नोकरी लागेल, असं मी म्हणणार नाही. प्रवेशाआधी तीन गोष्टी करा. कॉलेजात जाऊन प्रयोगशाळा डोळ्यांनी बघा. सोबत रसायनशास्त्र घेता येतं का विचारा, म्हणजे पुढे दुसरी वाटही मोकळी राहते. आणि मंडळाच्या, प्रयोगशाळांच्या जुन्या जाहिराती काढून कोणती पदवी मागितली होती ते वाचा. पुढे एम.एस्सी.साठी संभाजीनगरच्या आपल्या विद्यापीठात या विषयाचा विभाग आहे.

जल जीवन मिशनमध्ये गावागावांत पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं किट शिकवायचं ठरलं. सातवी शिकलेली बाई ते करू शकते, तर बारावी सायन्सची पोर किती पुढे जाईल!

आमच्या गटाने त्या ताईंचं कर्ज मंजूर केलं. पण एक अट घातली. फॉर्मवर विषय काकांनी नाही, मुलीने स्वतःच्या हाताने लिहायचा.

तुमच्या गटातही अशी एखादी पोर असेल. पुढच्या बैठकीत हप्ता घेताना तिच्या आईला एवढंच विचारा, "लेकीला काय शिकायचंय?"