उंबऱ्याबाहेरचे वाय-फाय

बैठकीच्या खोलीत राऊटर ठेवलेला असतो. माजघरात फोन नीट चालतो, स्वयंपाकघरात थोडा अडखळतो आणि अंगणातल्या लिंबाखाली बाज टाकून बसले की संपर्क तुटतो. मोजले तर अंतर वीस पावलांचेही नसते. २०२० साली शाळा बंद होऊन वर्ग फोनवर आले, तेव्हा ज्या घरांत वाय-फाय होते तेथील मुलांनाही हा उंबरा चांगलाच अडला. निवांतपणा अंगणात आणि जोडणी घरात, अशी ती गत होती. या अडचणीवर बाजारात उपाय पुष्कळ मिळतात. पण वाय-फाय मुळात छपराखालीच राहण्यासाठी का घडवले गेले, हे आधी पाहू. ते कळले की कोणता उपाय कामाचा आणि कोणता पैसे वाया घालवणारा, हे आपले आपल्यालाच ठरवता येते.

वाय-फाय म्हणजे रेडिओलहरीच. आकाशवाणीच्या मध्यमलहरींची लांबी शेकडो मीटर असते, तर वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभरापेक्षाही कमी. रेडिओलहरींचा प्रत्येक पट्टा सरकारी परवान्याने कोणाला तरी नेमून दिलेला असतो. मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने त्यातले तीन पट्टे कमी शक्तीच्या उपकरणांना विनापरवाना वापरू दिले. हे पट्टे म्हणजे लहरींच्या प्रदेशातले गायरानच होते. कारखान्यांतील आणि दवाखान्यांतील तापवण्याची यंत्रे, स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी अशी उपकरणे तेथे आधीच चरत होती, म्हणून ती जमीन फारशी कोणाला नको होती. या शेजाराचा एक मासला सांगण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील रेडिओ दुर्बिणीला अनेक वर्षे अधूनमधून काही विचित्र स्पंदने ऐकू येत. ती वेळ संपण्याआधीच भट्टीचे दार उघडल्याने निर्माण होतात, असे २०१५ साली उघड झाले. भट्टी वेधशाळेच्या आवारातलीच होती.

गायरान मिळाले, पण त्यावर वेगाने माहिती पाठवणे सोपे नव्हते. अडचण अंतराची नव्हती, प्रतिध्वनीची होती. रिकाम्या दगडी सभामंडपात कोणी भराभर बोलू लागला तर आपल्याला काही कळत नाही, कारण मागच्या शब्दाचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर येऊन आदळतो. खोलीतल्या रेडिओलहरीचेही तसेच होते. ती फोनकडे सरळ येते, तशीच लोखंडी कपाटावरून, छताच्या पत्र्यावरून, भिंतीवरूनही वळून येते. लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते. वळसा सहा मीटरचा पडला तर ती २० नॅनोसेकंद उशिरा पोहोचते. हा उशीर क्षुल्लक वाटेल; पण सेकंदाला ५ कोटी ४० लाख बिट एकामागून एक पाठवायचे म्हटले तर एका बिटाच्या वाट्याला साधारण १८ नॅनोसेकंदच येतात. म्हणजे कपाटावरून वळून आलेला मागचा बिट नेमका पुढच्या बिटावर बसणार. घर जितके भरलेले, तितका गोंधळ अधिक.

यावरची युक्ती मोठी सुंदर आहे. एका माणसाने भराभर बोलण्याऐवजी अठ्ठेचाळीस माणसांनी एकाच वेळी, प्रत्येकाने आपल्या स्वतंत्र पट्टीत, सावकाश बोलावे. १९९९ सालच्या ८०२.११ए या मानकात नेमके हेच केले आहे. माहिती ४८ उपवाहक लहरींवर वाटली जाते आणि प्रत्येक लहरीवरील एक 'अक्षर' ४ मायक्रोसेकंद टिकते. त्यातला ०.८ मायक्रोसेकंदाचा भाग प्रतिध्वनी विरून जाण्यासाठी राखून ठेवलेला असतो. एवढ्या वेळात लहर २४० मीटर जाते! म्हणजे तेवढ्या वळशाचा प्रतिध्वनी आला तरी चालेल. घरातला वळसा याच्या जवळपासही जात नाही. या अठ्ठेचाळीस पट्ट्या एकत्र करण्याचे आणि ग्राहकाच्या टोकाला पुन्हा वेगळ्या काढण्याचे काम फूरिए रूपांतराने होते. पूर्वी ते गणित करायला मोठा संगणक लागे, आता ते नखाएवढ्या चिपमध्ये होते.

या कामातला एक महत्त्वाचा वाटा ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचा आहे, आणि त्याची मुळे खगोलशास्त्रात आहेत. स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ साली मांडले की कृष्णविवरे हळूहळू बाष्पीभूत होतात आणि अगदी लहान विवरांचा शेवट स्फोटाने होतो. अशा स्फोटातून रेडिओलहरींचे क्षणिक स्पंदन निघू शकेल, असे मार्टिन रीस यांनी १९७७ साली सुचवले. जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधण्याचा प्रयत्न केला. काही सापडले नाही, तसे त्यांनी १९७८ साली प्रसिद्धही केले. पुढे ओ'सलिव्हन सीएसआयआरओमध्ये आले. रेडिओ दुर्बिणींसाठी फूरिए रूपांतर झटपट करणारी चिप तेथे १९८० च्या दशकात तयार झाली. हा अनुभव घेऊन ओ'सलिव्हन, टेरी पर्सिव्हल, डिएट ऑस्ट्री, ग्रॅहम डॅनियल्स आणि जॉन डीन या पाच जणांनी खोलीतल्या प्रतिध्वनीचा प्रश्न हाती घेतला. १९९२ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. अमेरिकेचे पेटंट १९९६ साली मिळाले. त्यावरून पुढे मोठमोठ्या कंपन्यांशी कोर्टकज्जे झाले आणि संस्थेला तडजोडींतून चाळीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली.

हिंगोली जिल्ह्याला कृष्णविवर हा शब्द परका नाही. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे लायगो-इंडियाच्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेची जागा आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तेथील शिक्षकांना वर्गात ही गोष्ट सांगण्याचा मोह होईल, आणि तो व्हावाही. फक्त 'कृष्णविवरे शोधताना वाय-फाय सापडले' हे जे सोपे रूप सर्वत्र सांगितले जाते, ते आम्हांला मान्य नाही. अनेक उपवाहकांची कल्पना बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट चँग यांनी १९६६ सालीच मांडली होती. बिनतारी जाळ्याची पहिली विक्रीयोग्य उपकरणे आणि पहिले मानक यांमागे नेदरलँड्समधील अभियंत्यांचे मोठे श्रम होते. खगोलशास्त्राने दिली ती मिसळलेली, पसरलेली लहर गणिताने निवडून काढण्याची सवय. हे देणे काही लहान नाही, पण शोध एकट्याचा नव्हता.

सीएसआयआरओशी महाराष्ट्राचेही जुने नाते आहे. गोविंद स्वरूप १९५० च्या दशकात सिडनीला त्याच संस्थेत रेडिओ खगोलशास्त्र शिकले. तेथील पॉट्स हिलच्या बत्तीस लहान तबकड्या पुढे भारताला मिळाल्या आणि १९६५ साली कल्याणजवळ उभ्या राहिल्या. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीची वाट तेथूनच सुरू होते.

पहिले ८०२.११ मानक १९९७ सालचे; वेग सेकंदाला फक्त १ ते २ मेगाबिट. 'वाय-फाय' हे नाव १९९९ साली एका नामकरण करणाऱ्या कंपनीने दिले, त्याला स्वतःचा असा काही अर्थ नाही. गमतीचा भाग असा की हिंगोली जिल्हाही परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. दोघे समवयस्क आहेत. अनेक पट्ट्यांची युक्ती २.४ गिगाहर्ट्झवर आली ती २००३ साली, आणि त्यानंतरच ती घरोघरी पोहोचली.

आता अंगणात येऊ. प्रतिध्वनीचा प्रश्न तर सुटला आहे. उघड्यावर तो मुळातच कमी. मग अडते कुठे? मोकळ्यावर अंतर तिप्पट झाले की शक्ती नवव्या हिश्श्यावर येते. राऊटरपासून ५ मीटरवर जेवढी मिळते, तिचा नववा भाग १५ मीटरवर. आता समजा, एखादी भिंत शक्तीचा दहावा भागच पलीकडे जाऊ देते. म्हणजे एक भिंत जवळजवळ दहा मीटर मोकळ्या अंगणाइतकी महाग पडली. अशा दोन भिंती आल्या तर शंभरावा भाग उरतो, आणि ५ मीटरवरचा फोन उघड्यावर ५० मीटरवर असल्यासारखा होतो. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घराची दगडमातीची भिंत दीड-दोन फूट जाड असते, पावसाळ्यात ती ओल धरते आणि पाणी या लहरी शोषून घेते. पत्र्याची भिंत कितीही पातळ असो, ती लहर जवळजवळ सगळी परत फिरवते. ओल्या पानांनी भरलेला लिंबही थोडी घेतोच. ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतीत २.४ पेक्षा लवकर थकते.

अंतर हा खरा शत्रू नाही, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. आयआयटी कानपूरच्या मंडळींनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, याच वाय-फायच्या साध्या उपकरणांना उंच मनोरे आणि एका दिशेला रोखलेले अँटेना जोडून कानपूर-लखनौ पट्ट्यातली खेडी जोडून पाहिली. तीस किलोमीटरहून लांबचे दुवे त्यात होते. मधे भिंत नव्हती, एवढेच. जे तीस किलोमीटर जाऊ शकते ते आपल्या पंधरा मीटरांवर का अडते, याचे उत्तर घराच्या बांधणीत आहे.

कायद्यानेही अंगण बराच काळ बाहेर ठेवले होते. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झच्या बहुतेक भागाला मिळालेली सूट मात्र छपराखालच्या वापरापुरतीच होती; कारण त्या शेजारी रडार आणि उपग्रहांची वाहतूक आहे. हा पट्टा उघड्यावरच्या वापरासाठी मोठ्या प्रमाणात मोकळा झाला तो ऑक्टोबर २०१८ च्या नियमांनी.

अंगणासाठी करायचे काय, तर आधी राऊटर हलवून पाहावा. तो कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाशेजारून अंगणाकडच्या खिडकीत, उंचावर आला की एखादी भिंत वाचते, आणि भिंत वाचणे म्हणजे काय ते वर आलेच आहे. बाहेर फोन २.४ वर जोडावा. मोठ्या अँटेनाची जाहिरात वाचताना लक्षात ठेवावे की संवाद दोन्ही बाजूंचा असतो. राऊटर कितीही ओरडला तरी फोनचा क्षीण आवाज त्याला ऐकू आला पाहिजे. फोनवर दांड्या भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही, त्याचे हे एक कारण असते. पुनःप्रक्षेपक स्वस्त पडतो, पण बहुतेक साधे पुनःप्रक्षेपक एकाच पट्ट्यावर ऐकतात आणि बोलतात, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय तो अंगणात, म्हणजे जेथे काही ऐकूच येत नाही तेथे, लावण्याची चूक सर्रास होते. तो अर्ध्या वाटेवर हवा. सगळ्यांत भरवशाचा मार्ग जुनाच आहे: ओट्यापर्यंत केबल न्यायची आणि पावसापासून झाकलेले दुसरे केंद्र तेथे बसवायचे. भिंतीला भोक पाडणारी तार लहरीपेक्षा शहाणी ठरते. वीज गेली की दोन्ही बंद पडतात, तेव्हा बॅटरीची सोय दोन्हींना हवी.

शाळेत याचा प्रयोग सहज करता येतो. फोनवर लहरीची शक्ती डेसिबलमध्ये दाखवणारी साधी प्रणाली घ्यावी. १० डेसिबल घट म्हणजे शक्ती दहावा भाग, ३ डेसिबल म्हणजे निम्मी. राऊटर उघड्या खिडकीत ठेवून मैदानात ५, १० व १५ मीटरवर नोंदी घ्याव्यात. मग खिडकीचे दार लावून, तेथे पत्रा धरून, ओले पोते टांगून पुन्हा घ्याव्यात. मोजणाऱ्या मुलाने फोन पोटाशी धरून राऊटरकडे पाठ केली तर आकडा आणखी घसरतो. माणसाच्या शरीरातही पाणीच आहे. प्रत्येक जागी पाच नोंदींची सरासरी घ्यावी, कारण फोन अर्ध्या वितीने सरकला तरी आकडा बदलतो. तो का बदलतो, हे मुलांनाच विचारावे.